कानातली काळी चार

आमच्या जॉबरकाकांच्या उशाशी महादेवाची गळती टांगलेली असायची, आणि तिच्याखाली महादेव नसायचा. पिंडीवर थेंब थेंब पाणी पडावं म्हणून बुडाला बारीक भोक पाडलेलं तांब्याचं भांडं देवळात असतं ना, तेच. खाली पिंडीच्या जागी पितळी परात. शेजारणी दारातून डोकावून विचारायच्या, "काकू, अभिषेक कोणावर चालून राहिला? देव कुठे आहे तुमचा?" काकू खाटेकडे बोट दाखवायच्या. "हा काय, घोरून राहिलाय."

मध्यभारत नावाचं राज्य होतं तेव्हाची ही गोष्ट. इंदूरच्या एका कापडमिलीत मी साचेखात्यात विणकर होतो आणि ते माझ्या लायनीचे जॉबर, म्हणजे मुकादम. साचा म्हणजे माग. एका छपराखाली शेकडो साचे, आडवं सूत नेणारे धोटे या टोकाहून त्या टोकाला आपटताहेत, डोक्यावर चामड्याचे पट्टे फिरताहेत. तिथे बाजूच्या माणसाच्या कानात ओरडलं तरी त्याला ऐकू जात नसे. म्हणून साचेखात्यात कोणी ओरडतच नाही. सगळं बोलणं ओठांनी. आवाज काढायचा नाही, नुसते ओठ मोठे मोठे हलवायचे, समोरच्याने बघायचं. मला ही बोली शिकायला चार महिने लागले. काकांना ती इतकी भिनली होती की घरीही ते आवाज काढायचं विसरायचे. काकूंनाही ती येत होती. दोघं भांडायची ती सुद्धा ओठांनीच, त्यामुळे साऱ्या परदेशीपुरा वस्तीत त्यांचा संसार सर्वांत शांत म्हणून नावाजलेला होता. एकदा राजवाड्यासमोर काका रस्त्याच्या या बाजूला, काकू त्या बाजूला, मध्ये टांगे चाललेले, आणि दोघांचं जोरदार भांडण सुरू. शेजारून जाणाऱ्याला काही पत्ता नाही. मला मात्र सगळं दिसत होतं. भांडण भेंडीवरून होतं.

काका म्हणजे उंच, किडकिडीत माणूस. मूळ घराणं संस्थानच्या फौजेतलं. त्याबद्दल विचारलं की छाती काढून सांगायचे, "आजोबा तोफखान्यात. त्यांचा डावा कान तोफेने खाल्ला. वडील तोफखान्यात, त्यांचा उजवा गेला. माझे दोन्ही मिलने खाल्ले. तरक्की आहे, भिया, तरक्की!"

मी देवगडजवळच्या एका खेड्यातला. वडील गलबतावर खलाशी होते. ते गेले तेव्हा मी सहावीत होतो, शाळा तिथेच संपली. पुढे गावातल्या एका ओळखीच्या माणसाने इंदूरला चिकटवून दिलं. दोन दिवसांचा प्रवास आणि तीन गाड्या. आईचं पत्र यायला आठवडा लागायचा, तेही ती शाळामास्तरांकडून लिहून घ्यायची. मला आधीपासूनच घाबरायची सवय. मालक काही बोलला की घाबर, बोलला नाही की जास्त घाबर. त्या काळात मी ज्याला घाबरलो त्याचं नाव सांगतो. आपा.

आपा म्हणजे माझा धाकटा चुलता. मी लहान असताना त्याला आवाज ऐकू यायला लागले. आधी तो मान वाकडी करून ऐकत बसायचा, मग उठून उत्तरं द्यायला लागला, आणि शेवटी त्याला माजघरातल्या खांबाला बांधून ठेवायची वेळ आली. मी त्याला जेवण नेऊन द्यायचो. तो असाच गेला. गावात सगळे म्हणायचे, यांच्या घरात ते आहे, एका पिढीत एकाला होणारच.

आणि मिलमध्ये लागून वर्ष होत आलं तेव्हा माझ्या कानात आवाज सुरू झाला.

पाळी सुटून बाहेर आलं की किर्रर्र. प्रथम वाटलं रातकिडे आहेत. पण भर दुपारी, मिलच्या फाटकासमोर, टांग्याच्या अड्ड्यावर रातकिडे कुठले? मग वाटलं, जाईल. रात्री जायचा नाही. सकाळी उठल्याबरोबर मी दोन्ही कानांत बोटं घालून बघायचो, आहे का. असायचा. कोणाला सांगायची सोय नव्हती. आम्ही पाच जण एका खोलीत राहत होतो, सगळे साचेखात्यातले, पण सांगितलं तर म्हणतील वेडा झाला, आणि ते पत्रातून गावी जाईल. त्याच सुमारास आईचं पत्र आलं: मिठबावचं एक स्थळ सांगून आलंय, मुलगी चांगली आहे, कळव. ते पत्र मी पेटीच्या तळाशी, कपड्यांखाली ठेवून दिलं. एखाद्या मुलीला आणून तिला खांबापाशी जेवण न्यायला लावायचं? दुसरं पत्र आलं, तेही त्याच्यावर ठेवलं.

मन मोकळं करायला मला एकच जागा सापडली होती, ती म्हणजे साच्यापुढे. एवढा गोंगाट, इथे कोण ऐकतंय? धोटा सुरू झाला की मी मोठ्याने, अगदी तोंड भरून म्हणायचो, "देवा, माझा आपा होऊ देऊ नको. देवा, माझा आपा होऊ देऊ नको." दिवसभर. त्याने जरा बरं वाटायचं.

असे पंधरा-वीस दिवस गेले असतील. एकदा मधल्या सुट्टीत मी नळाखाली हात धूत होतो. काका शेजारी येऊन उभे राहिले, विडी पेटवली आणि सहज विचारलं, "हा आपा कोण आहे रे?"

मी नळ बंद केला. इंदुरात मी कोणाजवळ आपाचं नाव काढलेलं नव्हतं.

"कोण आपा?" मी म्हणालो.

"ते मला काय माहीत? तू रोज देवाला सांगून राहिलाय ना, माझा आपा होऊ देऊ नको म्हणून. अख्ख्या लायनीला माहीत आहे. तो चौथ्या साच्यावरचा म्हणतो, कोकणी भियाची काही उधारी असेल या आपाकडे."

ज्या जागी कोणालाच ऐकू येत नाही, त्या जागी सगळ्यांना दिसतं, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी वीस दिवस शंभर माणसांसमोर ओरडून माझी गोष्ट सांगत होतो.

मी तिथेच नळापाशी बसलो आणि रडलो. काकांनी विडी संपवली. मग मी सगळं सांगितलं. आपा, खांब, कानातला आवाज. ते ऐकत होते, म्हणजे माझ्या ओठांकडे बघत होते. शेवटी म्हणाले, "कसा येतो? किर्र, का शिट्टी?"

"किर्र. कधी कधी शिट्टी."

"माझी शिट्टी आहे," ते म्हणाले. "वीस वर्षं झाली. काळी चार." आणि भोंगा झाला म्हणून आत निघून गेले. जाता जाता मागे वळून ओठांनी म्हणाले, "रविवारी घरी ये. बाफले आहेत."

हे काळी चारचं सांगायला हवं. काकांकडे गुरुवारी भजन असायचं. पेटीवाला येऊन बसला की विचारायचा, "कोणती पट्टी?" काका डोळे मिटायचे, मान जराशी झुकवायचे, कानातला सूर पकडायचे आणि त्याच्या खूप खाली येऊन आँ लावायचे. पेटीवाला शोधायचा, बरोबर काळी चार. दर गुरुवारी. एकदा पेटी दुरुस्त होऊन आली होती आणि काका म्हणाले, "ही उतरलीय." पेटीवाला चिडला. "अहो, पेटी उतरेल का तुमचा कान?" काका म्हणाले, "पेटीला सुट्टी असते, भिया. माझ्या कानाला वीस वर्षांत नाही." पेटी परत नेली, तर खरंच सूर उतरलेले निघाले. तेव्हापासून पेटीवाला त्यांना वचकून असायचा.

दुसरी सवय शनिवारची. आठवड्याची पाळी संपताना मुख्य शाफ्ट, म्हणजे सगळे पट्टे फिरवणारा दांडा, बंद व्हायचा. पट्टे सुस्तावायचे, साचे एकेक करून गप्प व्हायचे, आणि मग एकदम शांतता. विणकराला ती शांतता कानाखाली वाजवल्यासारखी लागते. काका शाफ्ट थांबायच्या जरा आधी घसा साफ करायचे आणि ओठ मिटून गुणगुणायला लागायचे. साच्यांचा आवाज उतरत जायचा आणि त्याखालून यांचा सूर वर यायचा. शांतता उघडी अशी कधी पडायचीच नाही. खात्याच्या कारकुनाला वाटायचं, म्हातारा देवाचं काही म्हणतो. नवे लोक हसायचे. मीही हसलो होतो.

आता तो रविवार. मी सकाळी काकांकडे गेलोच नाही. लाज वाटली. शिवाय माझं आपलं एक डोकं चाललं होतं: आवाजाने कान बिघडला, तर शांततेने बरा होईल. आदल्या रात्री लसूण घालून तेल कढवलं आणि कोमट झालंसं वाटल्यावर दोन्ही कानांत ओतलं. चांगलंच पोळलं. सकाळी मिळेल त्या मोटारीने इंदूरबाहेर राऊला गेलो. तेव्हा राऊला शेतं होती, काही नव्हतं. लांब एका आंब्याखाली जाऊन बसलो. वारा नाही, पाखरू नाही, माणूस नाही. म्हटलं, आता बरं वाटेल.

तो आवाज जो वर आला, तो थांबेना. डोक्याच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. झाड, शेत, आभाळ सगळं मिळून किर्र करतंय. मान वाकडी करून ऐकत बसलो होतो मी. मान वाकडी आहे हे लक्षात आलं तेव्हा आपा डोळ्यांसमोर उभा राहिला. अगदी तशीच वाकडी. तिथून पळालो. अर्ध्या वाटेपर्यंत चालत, मग एका बैलगाडीत. येताना मनाशी ठरवलं, काकांना सांगायचं, हिशेब करा, मी गावी जातो. लोकांच्या देखत वेड लागण्यापेक्षा आपल्या खांबाला बांधलेलं बरं.

काकांच्या घरी पोचलो तेव्हा दुपार टळत आली होती. काकूंनी दार उघडलं, माझं तोंड बघितलं आणि काही न विचारता पाट मांडला.

"कुठे होता?" काका.

"राऊला."

"राऊला काय आहे?"

"काही नाही. म्हणूनच गेलो होतो."

काका आणि काकू एकमेकांकडे बघून ओठांनी काहीतरी बोलले. काकूंचं मला दिसलं: "तुमच्यासारखाच मूर्ख आहे." मग मोठ्याने म्हणाल्या, "कान नंतर बघू. आधी बाफला चुरून द्या त्याला. आणि तूप वाढा, हात आखडू नका."

बाफला म्हणजे उकडून भाजलेला कणकेचा गोळा. चुरलेल्या बाफल्यावर वरण, त्यावर तूप. मी दोन घास खाल्ले आणि सांगितलं, मी जातो गावी. काका जेवत राहिले. गळती तशीच टपकत होती. थोड्या वेळाने त्यांनी भलतंच विचारलं.

"तुमच्या गावाला समुद्र आहे म्हणे. मी बघितला नाही कधी. आवाज करतो का?"

"करतो तर. गाज म्हणतो आम्ही."

"दिवसभर?"

"दिवसरात्र. पावसाळ्यात तर भिंतीला हात लावला तरी कळते."

"मग झोपता कसे तुम्ही लोक?"

"ऐकूच येत नाही," मी म्हणालो. आणि घास हातातच राहिला.

"बहिरं आहे का गाव?"

"नाही."

"समुद्र बंद होतो रात्री?"

"नाही."

"मग?"

"सवय," मी म्हणालो.

काकांनी मान हलवली. "सवय नाही पूर्ण. अजून एक आहे. तू त्याला भीत नाही. समुद्र आज चढून घरात येतो, असं वाटलं असतं तर एक रात्र झोपला असता?"

आणि मला एकाएकी आठवलं. वडील गलबतावर असले आणि वारा बदलला की आई रात्रभर अंथरुणात बसून असायची. मी विचारायचो, काय करतेस? ती म्हणायची, गाज ऐकते. तीच गाज. वडील घरी असले की तिलाही ऐकू येत नसे.

हे मी काकांना सांगितलं. त्यांनी ताट पुसून घेतलं. मग म्हणाले, "बघ. तुझ्या आईला माहीत आहे. ऐकू येणं वेगळं, भिया, आणि ऐकत बसणं वेगळं. तो दारात उभा आहे, राहू दे. तू त्याला पाट मांडून जेवायला का बसवतो?"

काकू म्हणाल्या, "आता मोठे शहाणे झालेत. यांना सुरू झालं तेव्हा डोक्याला फडकं बांधून फिरायचे. भांडं वाजलं की माझ्या अंगावर. घरात एकदम चूप पाहिजे. जेवढं चूप, तेवढे हे भडकायचे. एक दिवस शिवालयात मला घेऊन बसले होते, गळती चालली होती, आणि हे तिथे खांबाला टेकून झोपले! तीन रात्रींनी पहिल्यांदा. मी घरी आले आणि तशीच गळती टांगली. लोक बोलले, देवाची वस्तू नवऱ्याला लावली. मी म्हटलं, देवाला झोपेची अडचण नाही, याला आहे."

गावी जायचं ते राहून गेलं. राहून गेलं म्हणजे काकांनीच "आधी डॉक्टरला दाखव, मग जा कुठे जायचं ते" असं सांगून सोमवारी मला मोठ्या सरकारी इस्पितळात नेलं. डॉक्टर मराठीच होते. त्यांनी कानात बत्ती टाकून बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "तेल कोणी घातलं?" काकांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मग चिमट्यासारखं लोखंडी यंत्र गुडघ्यावर आपटून माझ्या कपाळाला लावलं, कानामागे लावलं, कधी ऐकू यायचं बंद होतं ते विचारलं. शेवटी म्हणाले, "हा आवाज तुझ्याशी बोलतो का? काही सांगतो? कर, जा, मार?"

"नाही. नुसती किर्र."

"तुझ्या चुलत्याला काय ऐकू यायचं?" काकांनी आपाचं आधीच सांगून ठेवलं होतं.

"माणसं. नाव घेऊन हाका मारायची."

"मग ते वेगळं दुखणं आणि हे वेगळं. तेही दुखणंच होतं बिचाऱ्याचं, पण ते डोक्याचं. हे तुझ्या कानाचं, मिलच्या गोंगाटाने झालेलं. थोडं ऐकणं कमी झालंय, त्याचा हा आवाज आहे. पूर्ण जाईल असं मी सांगत नाही. पण बहुतेकांना हळूहळू त्याचं काही वाटेनासं होतं. कानात कापूस घालत जा, तेल नाही. झोप घे. आणि एकाच कानात एकदम वाढला, चक्कर आली, नाहीतर ऐकूच येईनासं झालं, तर त्याच दिवशी ये."

बाहेर आल्यावर मी विचारलं, "काका, म्हणजे मी आपा नाही ना?"

"तू कोकणी आहेस," काका म्हणाले. "तेवढंच खूप आहे."

लगेच काही झालं नाही, हे सांगितलं पाहिजे. खोलीत मीही गळती टांगली, तर चौथ्या साच्यावरचा, तो माझ्याच खोलीत होता, दुसऱ्या दिवशी हात जोडून म्हणाला, "भिया, उतार ते. रात्रभर टपटप ऐकून मला चार वेळा बाहेर जावं लागलं." मग काकांनी त्यांचं जुनं गजराचं घड्याळ फडक्यात गुंडाळून दिलं, ते मी उशीखाली ठेवायचो. काही रात्री बऱ्या जायच्या, काही नाही. एखाद्या दिवशी आवाज एवढा वाढायचा की पुन्हा गावी जायला पेटी भरावीशी वाटायची. पुन्हा कानात बोटं घालून बघायचो. काकांनी ते एकदा बघितलं आणि बोटांवर फटका मारला. "कान आहेत का विहीर? रोज पाणी किती चढलं ते बघून राहिला!"

कापसाचं मात्र त्यांनी अख्ख्या लायनीला लावलं. डॉक्टरने सांगितलेलं फक्त मला होतं, पण काकांना ते पटलं आणि त्यांना एखादी गोष्ट पटली की शेजाऱ्याला सुटका नाही. रोज सकाळी साचेखात्याच्या दारात उभे, हातात कापसाचा गोळा आणि व्हॅसलीनची डबी. शाळेत नखं बघतात तसे कान बघायचे. "दाखव. दुसरा. हा बोळा आहे का वात? आरती करायची आहे?" नव्या पोरांना वाटायचं, कापूस घालणं म्हणजे बायकी. साच्याच्या आवाजात फरक पडला की धागा तुटलेला कळतो, कापूस घातला तर कसा कळणार, असं ते म्हणायचे. काका म्हणायचे, "हाताला कळतो. साच्यावर हात ठेव. कान म्हातारपणी लागणार आहे, बायको शिव्या देईल त्या ऐकायला."

एकदा मी घाबरत सांगायला गेलो की आज आवाज उजव्या कानातून डाव्यात गेला. काकांनी गंभीरपणे विचार केला. "मध्यभारत सरकार आहे," ते म्हणाले. "सहा महिने राजधानी ग्वाल्हेरला, सहा महिने इंदूरला. घाबरू नको, परत येईल." मी हसलो. त्या आवाजावर मी हसलो, असं ते पहिल्यांदाच झालं.

पण आईच्या पत्रांना उत्तर मी दिलं नव्हतं. पेटीच्या तळाशी आता तीन झाली होती. तिसऱ्यात मास्तरांच्या अक्षरात होतं, मुलीकडचे अजून थांबलेत, तू काही का कळवत नाहीस, तुझी तब्येत बरी आहे ना. दिवसा मला डॉक्टरांचं पटायचं. लिहायला बसलो की खांब दिसायचा. काकांना विचारलं, तर ते म्हणाले, "हे मी नाही सांगणार. ज्या दिवशी शांततेत एकटा बसू शकशील त्या दिवशी लिही."

पुढच्या वर्षी काका निवृत्त झाले. शेवटचा दिवस शनिवार होता.

पाळी संपत आली तशी सगळे आपापले साचे सोडून त्यांच्याभोवती येऊन उभे राहिले. गळ्यात झेंडूचा हार, हातात नारळ, काखेत काकूंनी पाठवलेला डबा. काका छताकडे बघत होते. शाफ्टचा वेग उतरला. पट्टे सैल पडायला लागले. एकेक साचा गप्प होत गेला. मी वाट बघत होतो, आता घसा साफ करतील. त्यांनी केला नाही. शेजारच्या साच्यावर हात ठेवून तसेच उभे राहिले. ओठ मिटले होते, पण सूर निघेना.

आणि शांतता पडली. उघडी.

माझा आवाज वर आला, राऊला आला होता तसाच. मी थांबलो. म्हटलं, ये. तो आला, पसरला आणि पसरून राहिला. त्यापुढे काही झालं नाही. माझी मान सरळ होती. मी इकडेतिकडे बघितलं. चौथ्या साच्यावरचा जबडा आवळून उभा होता. एक म्हातारा कान चोळत होता. एकाने डोळे मिटले होते. खाली घातलेली इतकी तोंडं. तेव्हा मला कळलं की हे माझं आणि काकांचं दोघांचंच नव्हतं. शंभर माणसं उभी होती आणि प्रत्येकाच्या कानात काहीतरी वाजत होतं. कोणी कोणाला सांगितलेलं नव्हतं, ओठांनी सुद्धा.

मग मीच घसा साफ केला. मला गाता येत नाही. ओठ मिटून जसा लागला तसा सूर लावला, तो कापत होता. क्षणभर मी एकटाच. मग चौथ्या साच्यावरच्याने लावला. मग त्या म्हाताऱ्याने. मग मागून, बाजूने, दारातून. सगळं साचेखातं मधमाश्यांच्या पोळ्यासारखं गुणगुणायला लागलं.

काका वळले. डोळे भरलेले. माझ्याकडे बघून त्यांनी ओठ हलवले, मोठे मोठे, सगळ्या लायनीला दिसतील असे.

"पट्टी चुकली. अर्धा सूर वर घे."

मी घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीतले सगळे बाजारात गेले. मी गेलो नाही. दार लावून घेतलं, घड्याळ उशीखालून काढून पेटीत ठेवलं आणि एकटा लिहायला बसलो.

तीर्थरूप आईस साष्टांग नमस्कार. स्थळ अजून थांबलं असेल तर हो कळव. पण मुलीच्या माणसांना आपाचं सगळं सांग, लपवू नको. माझ्या कानात आवाज असतो हेही सांग. तो वेडाचा नाही, मिलचा आहे, डॉक्टरांनी बघितलं आहे. तो गाजेसारखा आहे, असं सांगितलंस तर त्यांना कळेल. त्यावरही ती हो म्हणाली तर तारीख धर. लग्नाला इंदूरहून दोन म्हातारी माणसं येतील. त्यांची निजायची सोय समुद्राकडच्या ओटीवर कर. आवाजाची काळजी करू नको. त्यांना तो लागतो.